खालची जाळी

पाली
४ जानेवारी

रामप्रसाद,

चिरंजीव-बिरंजीव लिहीत न्हाई. पन्नाशी उलटली तुझी. सरळ कामाचं लिहितो.

फोन लावला तर ती बाई म्हणती हा नंबर बंद हाय. सासुरवाडीला जाऊन कार्ड बदललंस वाटतं. पाटोद्याचा पत्ता तुझ्या लग्नपत्रिकेवरून काढला. ती तुझ्या वहिनीनं पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलीय. आमच्या दोघांच्या लग्नाची कुठं हाय, इचारलं तर म्हणली उंदरानं खाल्ली.

तर वहिनी जित्ती हाय. चार दिवस बीडच्या दवाखान्यात नाकाला नळी व्हती, घरी आली ते तू बघून गेलासच. उजवा हात थरथरतो. मधीच शब्द इसरती. काल मिठाला ‘ते पांढरं’ म्हणली. डॉक्टर म्हणतो, मेंदूला वारा पोचला न्हाई त्याचं हे, हळूहळू येईल. बाकी खाती-पिती. तुला शिव्या द्यायला मात्र एक शब्द इसरत न्हाई.

डेअरीच्या मॅडम येऊन गेल्या, तेजश्री नावाच्या. पोरसवदा हायत, पण बोलायला पक्क्या. मोबाईलएवढं यंत्र घेऊन तुझ्या कामाच्या खोलीत फिरल्या. त्यांनी कागदावर लिहिलं ते असं: वळूच्या बियाच्या कांड्या गार ठेवायचा तुझा नायट्रोजन थंड, म्हणून त्याचा गॅस खाली बसतो. तो जावा म्हणून खोलीला जमिनीलगत जाळीचं भोक ठेवलेलं. त्या जाळीला तुझी खुराकाची पोती चिकटून. गॅस कोंडला. वर तू दार नुसतं लोटून गेलतास, कुलूप न्हाई. म्हणजे चूक तुझी.

मलाबी इचारलं. मी म्हणलं, मी वळूवाला माणूस, मला त्यातलं काय कळतं.

दोन फेब्रुवारीला त्या परत येणार. त्या दिवशी तुझा जबाब. कबूल केलंस तर काम जाईल, सर्टिफिकेट जाईल, परत कुण्या गायीला कांडी भरता येणार न्हाई. पण पोलिसात जायचं न्हाई. न्हाई म्हणलास तर चौकशी लांबेल, वकील लागेल, गाव तमाशा बघेल. माझं ऐकशील तर सही करून मोकळा हो. माणसानं एकदा हरून बघावं. मी बघितलंय, मरत न्हाई कुणी.

आसाराम


पाली
१२ जानेवारी

रामप्रसाद,

उत्तर न्हाई तुझं. न्हाई तर न्हाई. पण त्या दिवशी तू नव्हतास, आन गाव काय बी सांगतंय. म्हणून झालं तसं लिहितो. नंतर म्हणू नको दादानं सांगितलं न्हाई.

ट्रकवाला सकाळी आलता. पाईप लावून दोन्ही मोठे कंटेनर भरले. घाईत लई सांडलं त्यानं, उंबऱ्यावरून ढगावानी धूर आला. तू तुझा छोटा कंटेनर भरून मोटारसायकलवर गेलास. दार लोटलंस. कुलूप कावून लावत न्हाईस ते मला ठाऊक हाय. वहिनी झाडायला येती म्हणून. वीस वर्सं झाली, ती तुझी खोली झाडती. माझ्या गोठ्यात ती कधी खराटा घेऊन आली न्हाई. आली तर नाकाला पदर लावून.

मी वळूला, सरदारला पाणी पाजत व्हतो. आरडाओरड काय झाली न्हाई. खोकला न्हाई, ठसका न्हाई. धोंडीराम दुधाचे क्यान घेऊन आलता, त्यानं दार लोटलं, आत बघितलं आन म्हणला, “वैनी, असं कावून निजल्यात?” आन आत पाऊल टाकलं. दोन पावलं गेला आसंल. मंग खाली बसला. जेवायला बसावं तशी मांडी घालून बसला, रामप्रसाद. तोंडावर काय दुखतंय-खुपतंय असं काय न्हाई. नुसता बसला आन मान टाकली.

तवा मला कळालं.

पेव उघडायला मला कोण न्यायचं, तुला आठवतंय. आजूबाजूची गावं मला न्यायची. जमिनीतली ज्वारी आत उसासे टाकती, तो वारा माणूस खातो. मी आधी कंदील सोडायचो. कंदील इझला की दोन दिवस कुणाला उतरू द्यायचो न्हाई, मग पाटील असो का कुणी. तर मी आत गेलो न्हाई. भाईर उभा राहून श्वास धरला, हात लांब करून धोंड्याची कॉलर धरली आन ओढला. तुझ्या वहिनीपर्यंत हात पोचत नव्हता. शेळ्यांना लिंबाचा पाला ओढायची आकडी भिंतीला व्हती, ती तिच्या लुगड्यात अडकवली आन ओढली. फाटलं लुगडं. ओठ निळे, हातावर पांढरा डाग, गारठ्यानं भाजल्याचा. धोंड्या वाऱ्यावर आला तसा उठून बसला. ती उठली न्हाई.

बीडचा डॉक्टर म्हणला, “आजोबा, तुम्ही आत धावला असता तर तीन मयत आणली असती.” हे चार माणसांत म्हणला. पण इथं आल्यावर कुणी हे सांगत न्हाई. सगळे म्हणतात, डॉक्टर रामप्रसादच्या खोलीत झालं. माझ्या आकडीचं कुणी नाव घेत न्हाई. अजूनबी तूच डॉक्टर.

आता दुसरं. तुझं काम बंद, डेअरीनं दुसरा माणूस दिला न्हाई. लोकं परत सरदारकडं येतात. या आठवड्यात अकरा गायी. कुणी नारळ आणतं, कुणी सूपभर ज्वारी. एक म्हातारी सरदारच्या पाया पडली. आपल्या बापाच्या काळात पडायची तसं. तू गळ्यात नळ्यांची पिशवी अडकवून मोटारसायकल घेऊन आलास तवापासून हे बंद झालतं. तू दहा मिनटात काम उरकायचास, हातमोजा काढून फेकायचास, आन लोकं ‘डॉक्टर, चहा घ्या’. वळू कुणाच्या दारात गेला की लोकं म्हणायची, आसाराम, जरा लांब बांध, वास येतो.

आन वहिनी. तीस वर्सं ऐकतोय. भावजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. भावजी बोलतात किती सावकाश. भावजींना शेंगोळे आवडतात, एक वाटी काढून ठेवा. आता तुझं नाव निघालं की थुंकती. उकिरड्यावर उभी राहून तुला बोलली ते तू ऐकलंसच, म्हणून तर शिवकन्येला घेऊन सासुरवाडीला गेलास. आजबी बोलती. खोटं कावून बोलू, मला गोड लागतं.

सही करून टाक.

आसाराम


पाली
२० जानेवारी

रामप्रसाद,

तुझं पत्र मिळालं. शाळेतल्या मास्तरवानी अक्षर. मला वाचायला दोन दिवस लागले, अक्षरामुळं न्हाई.

‘दादा, माझ्याच हातानं झालं. पोती मीच ठेवली असतील. वहिनीला माझ्यामुळं हे भोगावं लागलं. सही करतो. पुन्हा कुठल्या गायीला हात लावणार न्हाई.’

असतील म्हणजे काय? तुला ठाऊक न्हाई का कुठं ठेवलीस ते? वीस वर्सं एकाच खोलीत वावरणारा माणूस तू, एक पोतं हिकडचं तिकडं करत न्हाईस. सुतळी बी एका खिळ्याला अडकवतोस. आन आता लिहितोस असतील. मॅडम म्हणली म्हणून लगेच कबूल? मी तुला सही कर म्हणलं ते चौकशी टळावी म्हणून. स्वतःला खरंच गुन्हेगार समजून बस असं कुठं म्हणलं मी?

लई राग आला मला. तुझं असंच. लहानपणी बाप इचारायचा, शेंगा कुणी खाल्ल्या, तू हात वर करायचास. खाल्लेल्या असायच्या मी. बाप तुला मारायचा न्हाई, डोक्यावरून हात फिरवायचा. म्हणायचा, हा खरं बोलतो. हिथं बी तू माझ्या पुढंच.

तुझी पोती जाळीपासून हातभर लांब व्हती. मी बघितलीत. कधी बघितली, ते इचारू नको.

शिवकन्येनं खाली दोन ओळी लिहिल्यात, ‘दादा, यांना झोप न्हाई, जेवत न्हाईत, तुमी एकदा येऊन जा.’ मी येणार न्हाई. माझा वळू कोण बघणार. तिला सांग, भाकरी कुस्करून दे, दुधात. लहानपणी आजारात तेवढीच खायचा.

वहिनीला तुझं पत्र वाचून दाखवलं न्हाई. तिनं इचारलं, “कुणाचं पत्र?” मी म्हणलं, विमा कंपनीचं.

आसाराम


पाली
२७ जानेवारी

रामप्रसाद,

आज लांब लिहितो. मधी थांबू नको, फाडू बी नको, शेवटपर्यंत वाच.

उमापूरहून वहिनीचा भाऊ आलता, हनुमान. पुढारी झालाय आता, खिशाला दोन पेनं. त्यानं तिच्या डोक्यात भरलं की डेअरीच्या चौकशीनं काय व्हत न्हाई, पोलिसात अर्ज द्यायचा. रामप्रसादनं मुद्दाम केलं असं लिहायचं. भावकीचं, जागेचं भांडण हाय म्हणून केलं असं लिहायचं. मी म्हणलं, “जागेचं कुठलं भांडण?” हनुमान म्हणला, “दाजी, तुमी शांत बसा, बहीण माझी मेली असती.”

तिला लिहिता येत न्हाई. हनुमान म्हणला माझं अक्षर लागत न्हाई कुणाला. मग पेन माझ्या हातात.

ती भिंतीला टेकून बसली, हात मांडीखाली दाबून धरला आन सांगायला लागली. मी लिहायला लागलो. मी छबुबाई आसाराम, राहणार पाली. माझे दीर रामप्रसाद. इथपर्यंत लिहिलं. मग ती म्हणली, “लिवा, माझ्या दिराच्या मनात पहिल्यापासून काळं व्हतं.”

रामप्रसाद, तीस वर्सं मी वाट बघितली की या बाईच्या तोंडून तुझ्याबद्दल असं काय तरी निघावं. निघालं. आन माझ्याच हातानं लिहायला सांगती. पेन चालंना. ती म्हणली, “लिवा की. कावून थांबला?” मी म्हणलं शाई संपली. हनुमाननं खिशातलं दुसरं पेन काढून दिलं. मी उठलो, म्हणलं सरदारला पाणी पाजायचं राह्यलं. तो माणूस अजून घरात बसलाय. मी गोठ्यात बसून हे लिहितोय.

आता ऐक. जाळी मी बुजवली.

गणपतीच्या आधी डेअरीचा गाडीवाला तुला चार लोकांत बोलला, की तुझ्याकडं नायट्रोजन लवकर संपतो, उडतो का इकतोस. तू खाली मान घालून ऐकून घेतलंस. वहिनी त्या दिवशी जेवली न्हाई. म्हणली, “देवमाणसाला चोर म्हणतात.” आन दुसऱ्या दिवशी तुला शेंगोळे दिले. मला भाकरी-भाजी.

मी बघितलतं, गाडी येऊन गेली की खालच्या जाळीतून पांढरा धूर निघतो, गवतावरून सरपटत जातो. मला वाटलं, हाच तो उडणारा माल. चार बुकं शिकलेल्यांना दिसंना, मला दिसलं. बरफवाला बरफ भुश्यात गुंडाळून ठेवतो. थंडावा कोंडला की माल टिकतो, हे शेंबडं पोर सांगेल. एक दिवस तू बीडला गेलतास तवा दुपारी मी चिखल कालवला, शेण टाकलं, भुसा टाकला, पेवाचं तोंड लिंपतो तसं भाईरून ते भोक लिंपून टाकलं. वरून चुना मारला. भिंतीत भिंत झाली. आतून तुझी पोती हातभर लांब असली तरी जाळी अंधारात, तुला दिसायचं कारण न्हाई.

पेव उघडताना कंदील सोडणारा मी. आन मीच पेव केलं त्या खोलीचं. त्या वेळेला डोक्यात वारा नव्हताच. डोक्यात फक्त हे व्हतं की तू येऊन इचारशील, “दादा, औंदा नायट्रोजन जास्त दिवस कसा टिकला?” मग मी सांगीन. चार लोकांत सांगीन.

पुढच्या महिन्यात चार दिवस जास्त टिकला. माझ्यामुळं का कशामुळं, देव जाणे. तू कुणाला काय इचारलं न्हाईस. आन वहिनी काय म्हणली ठाऊक हाय? “भावजींनी काय तरी शोध लावला.” मी तोंड उघडणार व्हतो, मिटून घेतलं. तवा सांगितलं असतं तर म्हणली असती, तुमी कशाला मधी-मधी करता.

मग डिसेंबर.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून सरदारला बघायला आलतो. सगळे बीडला. मी सळई घेतली, लिंपण फोडलं, ढेकळं उकिरड्यात टाकली, जाळी कुंच्यानं झाडली. आत पडलेली माती झाडायला पोती सरकवली. परत ठेवताना जाळीला चिकटून ठेवली. चुकून न्हाई. मला ठाऊक व्हतं मी काय करतोय. तुझा शर्ट त्या खिळ्याला टांगलेला व्हता, इस्त्रीचा. तो बघत बघत ठेवली.

मॅडम यंत्र घेऊन बसल्या तवा मला समजावून सांगत व्हत्या. “आजोबा, एक लिटर सांडला की सातशे लिटर वारा होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुदमरल्यासारखंच होत नाही, म्हणून तो पळत नाही. वाकून झाडणारी बाई असेल तर तिचं तोंड आधीच त्यात बुडालेलं असतं.” मी मान डोलवत व्हतो. मला वाटलं व्हतं, गुदमरायला लागलं की माणूस हाका मारतो. तिनं हाक मारली असती तर मला कळालं असतं. ती हाकच मारू शकली न्हाई.

तू सही करू नको. दोन तारखेला तू येऊबी नको. मी बघतो.

आसाराम


पाली
३ फेब्रुवारी

रामप्रसाद,

झालं.

दोन तारखेला मॅडम आल्या, डेअरीचे दोघं आले, धोंडीराम साक्षीला, हनुमान अर्जाचा कागद घेऊन. कोऱ्याच कागदावर तिचं नाव आन तुझं नाव, पुढं काय न्हाई. दूध संकलनाच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या. मॅडम म्हणल्या रामप्रसाद कुठं. मी म्हणलं तो येणार न्हाई, त्याच्या जागी मी हाय. त्या म्हणल्या, “आजोबा, जबाब दुसऱ्याचा चालत नाही.” मी म्हणलं हा माझाच हाय.

सांगितलं सगळं. मॅडमनं पेन खाली ठेवलं. म्हणल्या, “आजोबा, मी हे लिहिलं तर पोलीस तुम्हाला बोलावतील. विचार करून बोला.” मी म्हणलं, लिही बाई, माझं लेकरू-बाळ काय न्हाई अडायला, वळूला धोंडीराम पाणी पाजील. धोंडीराम म्हणला, “काय बे आसाराम, मलाबी मारलं असतंस की.” मी म्हणलं, व्हय. त्यानं टोपी काढून झटकली. मग म्हणला, “पाणी पाजीन. पण त्याला तुझ्यावानी लाडानं बोलणार न्हाई.” डेअरीचा एकजण हसला, मॅडमनं बघितलं तसा थांबला.

मग त्यांना ती जागा दाखवली. उकिरडा उकरून ढेकूळ काढून दिलं, चुना अजून लागलेला. त्यांनी पिशवीत घातलं, फोटो काढला. हनुमाननं आपला कागद घडी करून खिशात घातला आन उमापूरला निघून गेला. जाताना म्हणला, “दाजी, तुमी माणूस हाय का काय?” 

तुझं काम तुला परत मिळालंय. मॅडमनी सांगायला लावलंय, चार दिवसात लेखी येईल. नवीन नियम: गाडी भरताना दार सताड उघडं, ट्रकवाला गेल्यावर अर्धा तास कुणी आत जायचं न्हाई, झाडायला तर न्हाईच, कुलूप आन पाटी. ते यंत्र बी बसवणार, हवा कमी झाली की ओरडतं. आन कुणी आत पडलेलं दिसलं तर आत धावायचं न्हाई, भाईरून ओढायचं. हे सांगताना त्या माझ्याकडं बघून म्हणल्या, “हे मात्र तुम्ही बरोबर केलं.”  आकडीचं नाव निघालं शेवटी, पण अशा दिवशी.

वहिनी.

ती सगळा वेळ समोर घराच्या दारात उभी राहून ऐकत व्हती. मला वाटलं आत हाय. सगळे गेल्यावर मी घरात गेलो तर ती चुलीपाशी बसलेली. मी वाट बघितली. म्हणलं आता बोलेल, भांडं फेकेल, हनुमानला परत बोलवेल. मी मरता-मरता वाचली तुमच्यामुळं, असं म्हणेल. काय बी म्हणू दे, ऐकून घ्यायचं असं ठरवूनच गेलतो.

चुलीत काटकी सारत म्हणली, “भावजींना मी उकिरड्यावर उभं राहून शिव्या दिल्या. लोकांदेखत. शिवकन्या रडत व्हती.”

मी म्हणलं, “अगं, मी—”

“किती दिवस जेवले नसतील ते.”

एवढंच. माझ्याबद्दल एक अक्षर न्हाई. रागाचं बी न्हाई. मी गुन्हा कबूल केला, गावासमोर केला, तिच्या जिवावर आलतं ते माझ्यामुळं हे कबूल केलं, आन तिच्या डोळ्यापुढं तू. मी रात्रभर बसून राह्यलो. ती झोपली, घोरली बी.

सकाळी उठून तिनं शेंगोळे केले, डबा बांधला, भाकरी बांधल्या, धोंडीरामच्या सुनेकडून लुगडं मागून आणलं. तिचं चांगलं ते मीच फाडलंय. म्हणली, “मी पाटोद्याला जाते. पाया पडून येते.” मी म्हणलं, मोठी वहिनी धाकट्या दिराच्या पाया पडत न्हाई. म्हणली, “तुमी शिकवू नका.” मी म्हणलं, येतो संगं. म्हणली, “तुमी कशाला? तुमचं तुमी नंतर बघा.”

पाटोदा गाडीला तिला बसवायला आलोय. गाडी लागायची हाय, तवर हे लिहून तिच्याच हातात देतो. तिला वाचता येत न्हाई, म्हणून मोकळं लिहितोय. हे तू वाचत असशील तवा ती समोर बसलेली असेल. तिच्यासमोर तोंड वाकडं करू नको, तिला लगेच कळतं.

माफ कर असं लिहीत न्हाई. ते तोंडानं म्हणायचं असतं आन मला जमलं तर मी येऊन म्हणीन. पोलिसांचं आधी उरकू दे.

तिला जिन्यावरून एकटी उतरू देऊ नको. शब्द सापडला न्हाई तर तू सांगू नको, थांब जरा, तिचा ती आणती. गोळ्या डब्याच्या कप्प्यात हायत, जेवल्यावर एक. दोन दिवस ठेवून घे, तिसऱ्या दिवशी गाडीत बसवून दे. लई आग्रह करू नको राहायचा.

आन तुझ्या घरी तिला बरं वाटतंय, हसती-बोलती असं काय दिसलं, तर मला कळवू नको.

आसाराम